हातगुण

आधी रिकामी आहे ना ते पाहायचं.
दोनदा. दुसऱ्यांदा बोट घालून.
मग बाकावर जुना टॉवेल,
टॉवेलवर रायफल,
आणि स्क्रू निघतील त्या क्रमाने
अंड्यांच्या खोक्यात.

रायफल हेडविगची. म्हणजे तिच्या वडिलांची,
द्राव नदीपलीकडच्या रानात ते वनरक्षक होते.
"नवी करू नका," ती म्हणाली,
"नवी दिसली तर मला ओळखू यायची नाही.
फक्त हा गंज तेवढा..."

फोल्टेय, माझा उस्ताद, म्हणायचा:
रंग झाकतो. निळाई झाकत नाही,
निळाई चहाडी करते.
पोलादात जे राहिलं ते गावभर सांगते.

म्हणून आधी तेल काढायचं.
एसिटोनचं फडकं पांढरं निघेपर्यंत,
आणि पांढरं निघाल्यावर आणखी एकदा,
कारण तेल लबाड,
स्क्रूच्या भोकात दडून बसतं
आणि उकळत्या पाण्यात नेमकं वर येतं.

मग कानस, आडवी धरून, नळीच्या लांबीने ओढायची.
मग कागद: एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस.
कागदामागे कायम लाकडी पट्टी.
नुसतं बोट लावलं की ते कड खातं,
कडेनंतर अक्षरं,
आणि बंदूक दिसते वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी.
शेजारच्या कारखान्यातलं चाक
हे सगळं दहा मिनिटांत करतं.
दहा मिनिटांत शिक्का, साल, आकडे, सगळं साफ,
वर आरशासारखी चकाकी.
माझ्याकडे चाक नाही.

तिसऱ्या दिवशी, चापाच्या वर, डाव्या अंगाला,
तांबड्या गंजाखालून
एक अंगठा निघाला.
रेषा न् रेषा.
भोवरा, आणि भोवऱ्याला तिरका छेदणारा
जुन्या कापल्याचा वण.

मी माझा अंगठा दिव्याखाली धरला.
धरायची गरज नव्हती.

त्र्याऐंशी साल. फेर्लाखमध्ये कडाक्याची थंडी,
तरी माझे हात घामेजलेले.
काही हातांच्या घामात मीठच जास्त;
शिवलेलं पोलाद सकाळी तांबडं.
"नेझा, काय हा तुझा हातगुण!"
सगळी पोरं हसली,
आणि फोल्टेयने मला निळाईच्या खोलीतून काढलं.
दोन वर्षं नुसते अक्रोडाचे दस्ते घासले मी.

त्याला केसाएवढा ओरखडा दिसायचा.
हा दिसला नसेल?
पाच मिनिटांचं काम होतं.
नाताळ तोंडावर होता, घाई असेल.
किंवा
मला नाही माहीत. विचारायला तो नाही.

दोनशेचाळीसचा कागद पट्टीला गुंडाळला,
अंगठ्यापाशी नेला,
तेवढ्यात हेडविग दारात. कुत्रा बाहेर बांधून.
ती वाकली. चष्मा वर केला.
"बाबांचा," म्हणाली.
विचारलं नाही, सांगितलं.
"ते इथेच धरायचे, अगदी इथे,"
आणि तिने आपला अंगठा त्यावर टेकवला,
बराच वेळ,
माझ्या तीनदा पुसलेल्या पोलादावर.

तोंड उघडलं होतं मी.
मग विचारलं, "कॉफी घेणार?"

ती गेल्यावर फडकं एसिटोनमध्ये बुडवलं,
फक्त तिचा अंगठा पुसला.
खालचा राहू दिला.
बाकी सगळीकडे तीनशेवीस, एकाच दिशेने,
त्याच्याभोवती मात्र वळसा घालून,
जसा नांगर बांधावरच्या दगडाला घालतो.

आमची निळाई म्हणजेही गंजच.
मुद्दाम चढवलेला, उकळून काळा केलेला,
घासून पुन्हा चढवलेला, सात-आठ वेळा.
हातमोजे घातले. आम्लाची बाटली उघडली.
काय चहाडी करायची ती करू दे.

बाहेर डोंगर धुक्यात बुडलेला,
खिडकीची काच आतून ओली.
गंज चढायला चांगला दिवस.