बाद मत

पेटी यादामच्या मोटरसायकलच्या जोडडब्यात,
आजारी वासरू बांधावं तशी दोरीनं आवळलेली,
आणि मागे मी, काखोटीला मतदारयादी.
साल नव्वद, जुलै सरत आलेला.
तामिर नदीच्या अलीकडे, उतारावर
नमद्याचे तीन तंबू. शेवटच्यात खोर्लो म्हातारी,
वय यादीप्रमाणे सहासष्ट,
तिच्या मते दोन हिवाळे जास्त.
घोड्यावरून पडून खुबा मोडलेला,
म्हणून पेटीच तिच्या दारी.

याआधीही तिनं मत दिलं होतं, दर खेपेला.
कागदावर एकच नाव असायचं.
पडदाही असायचा, पण पडद्यामागे जाणारा
डोळ्यांत भरायचा, म्हणून कोणी जात नसे.
कागद तसाच उघडा पेटीत टाकायचा,
बाहेर त्या दिवशी पोरांना गोळ्या मिळायच्या.
"गोळ्या आठवतात," म्हणाली, "नाव नाही."

आता दोन नावं. दोन्ही तिनं दोनदा वाचायला लावली.
मग विचारलं, यातला
हरल्यावर मुकाट्यानं घरी जाईल, असा कोण?
मी म्हटलं, आजी, ते कागदावर नसतं.
"मग मनात आणावं लागेल,
धुक्यात हरवलेली शेळी कुठून येईल
ते आणतो तसं."

संदुकीवर एक फोटो. तिघं उभे,
मधल्याच्या चेहऱ्याच्या जागी कात्रीनं पाडलेलं भोक,
भोकातून फळीचा लाल रंग दिसत होता.
सदतीस साली बापाला ट्रकमध्ये घालून नेलं,
आईनं त्याच रात्री कात्री चालवली.
"तेव्हापासून तोंड मीच भरते.
कधी दाढी येते, कधी जाते.
नाक मात्र माझंच लावते,
तेवढं एक खात्रीचं."

मग म्हणाली, बाहेर व्हा. सगळे.
सून, यादाम, मी, कुत्रासुद्धा.
आम्ही उन्हात. यादामच्या दोन सिगारेटी संपल्या.
मत द्यायला किती वेळ घ्यावा याचा नियम
मी नियमपत्रिकेत शोधत राहिलो. नव्हता.
आत एवढी शांतता की वाटलं, झोपली.
मग हाक आली. पेटीच्या फटीपाशी
लोण्याचं एक बोट उमटलेलं.

रात्री शाळेत, कंदिलाखाली मोजणी.
एका कागदावर दोन्ही नावांवर काट
आणि समासात एक उभी ओळ,
वरून खाली उतरणारी, कणा असलेली,
कण्याला दात, शेवटी शेपूट.
जुनी लिपी. आमच्यात कोणालाच येत नव्हती,
आम्हाला आडवी अक्षरं शिकवलेली.
मुख्याध्यापक म्हणाले, रेघोट्या आहेत.
दोन पक्षांचे दोन माणसं
दिवसभरात पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाली.
बाद. शिक्का मीच मारला.
मत कुणाचं होतं, ते विचारायचं नसतं,
आणि मी विचारलं नाही.
लोण्याचा डाग मात्र शोधला. दिव्याच्या उजेडात
सगळेच कागद पिवळे दिसत होते.

पुढे ती लिपी शाळेत परत आली.
मुलगी शिकली, तिच्या शेजारी बसून मीही.
आता वाचता येतं, पण कागद कधीच जळून गेला असेल.
वहीत ती ओळ आठवून काढतो,
दर वेळी निराळी उतरते.
एकदा माणसाचं नाव निघालं.
एकदा, कुठे पुरलंत.
एकदा, शपथेवर सांगतो,
घोड्याच्या रंगाचा एक शब्द, बाकी काही नाही.
मुलगी म्हणते, बाबा, हे आठवणं नाही,
तुम्ही रचताय.

असेल. खोर्लोचं नाकही असंच होतं.

निवडणूक आली की मीही रांगेत असतो.
पडद्यामागे गेलो की नावं नंतर वाचतो,
आधी समास पाहतो, कोरा.
मागचा माणूस खाकरतो.
खाकरू दे.
तिला दोन सिगारेटींचा वेळ लागला होता.