सॅकची चेन

जांभळी नाक्यावर, फुलवाल्यांच्या मागच्या बोळात
माझी मशीन. चेन, रनर, बकल, पट्टा.
लोक हिंडून येतात
आणि मोडलेलं तेवढं माझ्याकडे टाकून जातात.

ओरना रोहेकरची सॅक साठ लिटरची.
राखाडी असावी, आता रंग म्हणता येणार नाही.
डाव्या पट्ट्याची शिवण उसवलेली,
म्हणजे एकाच खांद्यावर टाकून धावली आहे, गाडी सुटताना.
तळाचं कापड विरलेलं. दगडी पायऱ्या. पुष्कळ.
आणि पुढच्या कप्प्यावर जांभळा डाग, तळहाताएवढा.

"शाई?"
"द्राक्षं. अकरा दिवस तोडली.
त्या बदल्यात माळ्यावर झोपायला जागा, दोन वेळचं जेवण,
आणि रात्री मालकाची आई ओतेल तेवढी वाइन."

मग सांगतच बसली. मी बॉबिन भरत होतो.
निळ्या फरश्यांचं शहर, तटबंदीवर चढायला पाच युरो,
घंटा, पूल, पुलावरून दिसणाऱ्या वाळत घातलेल्या चादरी.
म्हटलं, किल्ला आपल्याकडेही आहे की, दहा मिनिटांवर.
फक्त आपण त्याला जेल म्हणतो,
आणि आत जायला तिकीट नाही, कलम लागतं.

हसली. मग हसायची थांबली.
"तिथे एका म्युझियममध्ये जुना नकाशा होता, काका.
समुद्रात शिंगं असलेले मासे,
आणि काठाला, नखाएवढी, आपली खाडी.
ठाण्याच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
दीड महिन्यात तेव्हा पहिल्यांदा रडले.
रखवालदाराने स्वतःची खुर्ची दिली."

यावर काय बोलायचं असतं?
मी रनरला तेल लावलं.

तिचे आजोबा दर शुक्रवारी काळ्या मनुका भिजवतात,
उकळतात, फडक्यातून गाळतात,
दिवेलागणीला त्या पेल्यावर प्रार्थना म्हणतात.
त्यांच्यासाठी तिने एक बाटली आणली, स्वेटरात गुंडाळून.
आजोबांनी वास घेतला, पुन्हा घेतला.
"चांगली आहे गं. पण हिच्यावर प्रार्थना चढायची नाही."
बाटली आता फ्रिजमध्ये आडवी, कोथिंबिरीशेजारी.

डाग काढून देऊ? माझ्याकडे उपाय असतात.
"राहू दे."
एकशे ऐंशी झाले. दोनशे देऊन गेली,
वीस परत घ्यायचे विसरली.

रात्री झाडताना मशीनखाली सापडलं, बूच.
अस्तरात अडकलेलं असणार.
एका अंगाला गावाचं नाव, अर्धं पुसट,
दुसऱ्या टोकाला तोच जांभळा, जरा फिका.
वीस रुपये त्याच्याखाली ठेवले, येईल म्हणून.
सोमवार गेला.
मंगळवारी अठरा नंबरची सुई कुठे ठेवावी सुचेना,
खोचून पाहिली.

मऊ आहे. धरून ठेवतं.
आता माझ्या सगळ्या सुया त्या गावात असतात,
ज्याचं नाव मला वाचता येत नाही.