कोंबड्याचा तुरा

अपानं चाकू पँटीवर पुसला.
सालोनाच्या तुकड्याला उभे चार काप, आडवे चार,
पार कातडीपर्यंत, पण कातडीला ओरखडा नाही.
आचेवर धरलं की काप फाकतात, कडा वर वळतात,
म्हणून इकडे याला कोंबड्याचा तुरा म्हणतात.

सोमलोच्या उतारावर, द्राक्षांच्या ओळी संपतात तिथे
दगडांच्या गोलात विस्तव.
‘ज्वाळ नको, निखारा हवा,’ अपा बजावतो.
हेझलची काठी सोललेली, टोक तासलेलं.
देझ्सोकाका बाकावर. त्याची मार्गित कांदे चिरतेय,
जांभळे, पातळ, डोळे न पुसता.
माझा बेन्से, नऊ वर्षांचा, काठी भलतीच खाली धरतो.

मी जिल्हा रुग्णालयात, हृदयविभागात नर्स.
आहाराचा तक्ता मीच लिहिला, माझ्याच अक्षरात,
आणि फ्रिजवर चिकटवला:
शंभर ग्रॅमला सातशेच्या आसपास कॅलरी,
मीठ इतकं की सकाळी घोटे सुजलेले.
वाटीत गोठतं ते तुझ्या आतही गोठतं,
असं मी म्हणाले नव्हते.
अपानं मात्र तेवढंच ऐकलं.

फेब्रुवारीत त्याला दोन स्टेंट बसले.
घरी आला तो कोट न काढता
आधी धुराच्या खोलीत गेला.
आकड्यांना टांगलेल्या होत्या सगळ्या:
पाठीची, नुसती पांढरी, चार बोटं जाड;
कोलोझवारची, मांसाच्या लाल रेघांची,
जिला शहरातली दुकानं सरळ बेकन म्हणतात;
गालाची, लसणीच्या पाण्यात मंद शिजवून
पेपरिकात लोळवलेली,
लाल मातीत खेळून आलेल्या पोरासारखी.
अपा एकेकीवर टिचकी मारत गेला,
बाजारात कलिंगड बघतात तसा.
मग कुलूप लावून
किल्ली माझ्या हातावर ठेवली.
भांडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमचा लेचो सूर्यफुलाच्या तेलात.
ढोबळी मिरची तीच, टोमॅटो तेच.
पण आधी कढईत सालोनाचे बारीक तुकडे पडायचे,
सावकाश विरघळायचे,
कांदा त्यात काचेसारखा व्हायचा
आणि देझ्सोकाकाचं कुत्रं कुंपण ओलांडून दाराशी.
आता ते येत नाही.
राजम्याच्या सूपलाही नाही, अंड्यांनाही नाही.

काल अपानं किल्ली मागितली.
‘खाणार नाही, एनिको. भाजेन फक्त.
पोराला कोण शिकवणार? तू?’

पहिला थेंब निखाऱ्यावर तडतडला.
‘पाव!’ अपा ओरडला, आणि बेन्से धावला.
तुरा पावावर टेकवला, उचलला, पुन्हा आगीवर,
पुन्हा पावावर, थेंबाथेंबानं,
पाव मधोमध पिवळा होईपर्यंत.
‘घाई केलीस तर चरबी जळते,
उशीर केलास तर आग ती पिऊन टाकते.’
बेन्सेची जीभ ओठाबाहेर, लिहिताना असते तशी.
वर कांदा. वर काकडी. वर पेपरिका, चिमूटभर.
देझ्सोकाकाच्या हनुवटीवरून ओघळ,
मार्गितनं तो अंगठ्यानं टिपला आणि अंगठा चाटला.
कुत्रं आलं होतं. कधी, कुणी पाहिलं नाही.
मीही खाल्ले. दोन. तिसराही.

अपाच्या ताटलीत कोरडा पाव, कांदा, काकडी.
मी मोजत होते. सवय लागलीय.
शेवटी त्यानं भाजलेला तुरा आमच्यासाठी कापला,
कुरकुरीत कडा बेन्सेला, कातडी कुत्र्याला.
चाकूची दोन्ही पाती चकाकत होती.
त्यानं पँटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मग पावाचा काप उचलला
आणि चाकू त्यावर पुसला,
आधी एक बाजू,
मग उलटून दुसरी, अगदी सावकाश.

‘बेन्से, काठी!’ मी म्हणाले. ‘काठी पेटलीय तुझी!’
खरंच पेटली होती.
मी पाठ वळवून ती विझवत बसले,
लागतो त्यापेक्षा बराच वेळ.