शंभराची घंटी

लिहितात स्लेथवेट, म्हणतात स्लॅवित.
छत्तीस वर्षं झाली,
अजून पाकिटावर एक लिहिते, बसमध्ये दुसरं बोलते.

दर गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत
हीटर कण्हत असतो,
कालव्याकडची खिडकी नीट लागत नाही,
आणि बेरिल साइक्स, वय चौऱ्याऐंशी,
माझ्या बोटांकडे बघून म्हणते,
‘गळा नको गं आवळूस. लोकर आहे ती.’

आवळते मी. जुनी खोड.
मिरजेच्या शाळेत विणकामाच्या तासाला
खाडिलकरबाईंनी माझा पायमोजा वर्गभर फिरवला होता
चिमटीत धरून, मेल्या उंदरासारखा.
तेव्हाच ठरवलं, हे शिकायचं नाही.
पुढे त्याचं तत्त्व झालं.
लग्न ठरवताना सांगितलं:
नोकरी करीन, स्वेटर विणणार नाही.
विण असं कुणी म्हटलंही नव्हतं.

मग हॉस्पिटलच्या तळघरात रक्त मोजलं.
काचपट्टीवर थेंब, डोळा भिंगाला,
डाव्या हाताखाली मोजणीचं यंत्र.
ही पेशी, ती पेशी, टक, टक,
शंभर भरले की आत घंटी वाजे.
नंतर मोठी यंत्रं आली, आपली आपण मोजणारी,
आणि हे कपाटात गेलं.
निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून फुलदाणी दिली.
यंत्र मी पिशवीत घालून आणलं.
विचारलं नाही कुणाला.

आता त्यावर टाके मोजते.
दोन सुलट, दोन उलट.
पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा
चहा झाला समजून मार्जरी उठली होती.

पहिला मफलर वीस टाक्यांनी सुरू झाला
आणि एकतिसांवर संपला.
मधले अकरा कुठून आले,
जन्मभर मोजण्याचा पगार घेतलेल्या बाईला सांगता येईना.
बेरिलने तो गळ्यात घालून पाहिला.
‘ऐसपैस आहे,’ म्हणाली.
घरी येऊन सगळा उसवला.
सरसर, सरसर, उंदीर पळावा तसा.
उसवताना इतकं बरं वाटतं
हे त्या बाईंनी तरी सांगायचं होतं.

जानेवारीत बेरिलने टेबलावर एक संत्रं ठेवलं.
‘एवढं डोकं. याच्यावर बसेल अशी टोपी.’
दिवस भरण्याआधी आलेल्या बाळांसाठी,
आमच्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या.

संत्रं हातात घेऊन मी बसून राहिले.
त्यांचं रक्त माझ्याकडे यायचं,
टाचेला टोचून काढलेलं, बारीक नळीत,
कधी दोन थेंब, कधी तेवढेही नाहीत.
चिठ्ठीवर नाव नसे.
नुसतं ‘बेबी’, पुढे आईचं आडनाव.
लाल इतक्या, पांढऱ्या इतक्या, वेळ, सही.
चुकले नाही कधी.
मधे चार जिने होते.
डोकं केवढं असतं,
कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिली टोपी किटलीला झाली.
दुसरी उकडलेल्या अंड्याला.
तिसरी सुईवर आहे, पिवळी,
आणि आत्ताच एक टाका सुटून
चार ओळी खाली गेलाय.
बेरिल हात पुढे करते. मी नको म्हणते.
क्रोशाची सुई घालून
खालच्या फासातून वरचा आडवा धागा ओढून घेते,
एक पायरी.
मग पुढची.
खिडकीतून वारा येतोय,
चष्मा घसरतोय नाकावर,
तिसऱ्या पायरीला जरा थांबावं लागतं.

शंभर भरतात. फेर अजून पुरा व्हायचाय.
घंटी वाजते,
आणि सगळं माहीत असूनही
मार्जरी उठते, चहा ठेवते.