ट्रिप

अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी एकच गोष्ट तपासली :
भार वाढला की ब्रेकर ट्रिप होतो का.
झाला, तर वहीत बरोबरची खूण.
न झालेला लाल ट्रेमध्ये.

आणि रात्री मीच ट्रिप होत होते म्हणे,
तासाला एकतीस वेळा.
गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवला :
श्वासाची रेघ, मग सपाट, मग सपाटच,
मग एकदम उसळी,
बुडणाऱ्याचं डोकं पाण्यावर यावं तशी.
घोरणं हा शब्द त्यांनी वापरला नाही.
तो घरात वापरून झाला होता,
बाईमाणसानं एवढं मोठ्यानं, वगैरे.

तेव्हापासून उशाशी यंत्र, नाकावर मास्क
आणि डोंगर बंद.
कड्यावर प्लग कुठून आणणार?

वसुधा म्हणाली, तू विजेच्या कारखान्यातली ना?
मग हिशेब कर की.
केला.
दाब नऊ. पाणी तापवणं बंद, नळीची ऊब बंद,
स्क्रीनचा उजेडसुद्धा बंद.
सव्वा किलोची बॅटरी
दोन रात्री पुरून थोडी उरेल.
उत्तराखाली मी दोनदा रेघ मारली.

साल्हेरच्या गुहेत पहिली रात्र वहीतल्यासारखी गेली.
यंत्राचा आवाज म्हणजे
कुणीतरी तान्ह्याला रात्रभर श्श, श्श करत राहावं.
सोमा भोये, आमचा वाटाड्या,
वाकून बघत राहिला मला, सोंडेसकट,
आणि हात जोडले त्यानं.
चेष्टेनं की खरंच, कळलं नाही.

दुसऱ्या रात्री थंडी पडली,
बागलाणातली, डिसेंबरची, हिशेबात न धरलेली.
गारठ्यात बॅटरी आखडते, हे मला माहीत होतं.
मला!
तरी मी ती पोटाशी घेतली नाही,
बाहेरच ठेवली, दगडावर.
नळीत दव साचून गुळगुळ वाजायला लागलं
आणि तीन दहाला लाल दिवा.
मग तोही नाही.

हवा न देणारा मास्क म्हणजे तोंडावर दाबलेला हात.
काढला. बाहेर आले.
खाली मुल्हेरच्या अंगाला दिवे होते,
कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या देवळात.
त्यातल्या एखाद्याच्या मागे माझा ब्रेकर असेल,
खूण केलेला,
आणि मी इथे झोपायला भीत होते.

सोमा शेकोटीशी जागाच.
म्हणाला, माझा बापपण असाच श्वास गिळायचा.
आम्ही त्याला कणगीला टेकवून निजवायचो, अर्धा बसता.
बाप किती वर्षं जगला,
ते मी विचारलं नाही.

सॅक, दोराचं वेटोळं, दोघींची जाकिटं
रचून कातळाला लावली, आणि मी कुशीवर कलले.
वसुधानं माझ्या मनगटाला सुतळी बांधली,
दुसरं टोक स्वतःच्या.
तू थांबलीस की ओढीन, म्हणाली,
मी आहे जागी.

उजाडलं तेव्हा मान धरलेली, जिभेचं लाकूड,
पण मी होते.
सुतळी दोघींच्या मध्ये सैल पडलेली
आणि वसुधा उताणी, तोंड उघडं,
गुहा भरून घोरत होती.
सोमा चहाच्या जाळात फुंकर घालता घालता हसला.
मी तिला उठवलं नाही.
मोजत बसले, हाताची सवय :
श्वास,
श्वास,
श्वास,
मग सपाट.
नऊ. दहा. अकरा.
बारा.

मी सुतळी ओढली.