साडेपाच आणि साडेतेवीस

कौतिकबाईंनी काचेवर दोन वस्तू ठेवल्या.
नवऱ्याचं चावीचं घड्याळ,
आणि घडी घालून घालून मऊ पडलेला कागद,
झेरॉक्सवाल्याने काढून दिलेलं विमानाचं तिकीट.
"हाई बी दख," म्हणाल्या. "कितलं लांब शे रे भो?"

मुंबई ते टोरांटो.
साडेबारा हजार किलोमीटर.
हा आकडा चोपड्यात कुणाच्या उपयोगाचा?
मी म्हटलं, अडीचशे वेळा जळगाव.
त्या हसल्या. "एक खेपले कंबर मोडी जास."

मग डोळ्याला भिंग तसंच ठेवून
मी वेळा वाचल्या.
रात्री दोनला निघतं, सकाळी साडेसातला उतरतं.
साडेपाच तास!
एवढ्यात तर आपली जळगावची गाडी
कल्याणलाही पोचत नाही.
परतीचं पाहिलं:
रात्री नऊला निघतं,
दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला मुंबई.
साडेतेवीस.

वाट तीच. आभाळ तेच.
चाळीस वर्षं मी घड्याळं उघडतोय,
पुढे पळणारी पाहिली, मागे पडणारी पाहिली,
जाताना एक आणि येताना दुसरंच सांगणारं
एकही पाहिलं नाही.

बिलाच्या पाठीवर बेरीज केली, निम्मं केलं.
साडेचौदा. हे खरं अंतर, साधारण.
उरलेले नऊ तास
जाताना खिशातून काढून घेतात,
येताना परत देतात.
पावती नाही.

हे त्यांना कसं सांगावं, या विचारात
मी चिमट्याने केसासारखी स्प्रिंग सरळ करत होतो
तोवर त्याच म्हणाल्या,
"जागृती गेली ती अशीच गेली, पटकन.
यायला मात्र तिला सहा वर्षं लागतायत."
आणि पिशवीतली डिंकाच्या लाडवांची बरणी
आडवी झाली होती, ती उभी केली.
बाळंतीण तिकडे, म्हणून माहेरच निघालं होतं
विमानात बसून.

घड्याळ चालू झालं.
मी विचारलं, तिथली वेळ लावून देऊ?
साडेनऊ तास मागे?
त्यांनी माझा हात धरला. खरंच धरला.
"ऱ्हाऊ दे. नळनी येळ ऱ्हाऊ दे."

चौथ्या दिवशी पहाटे पाच दहाला
आमच्या गल्लीत पाणी येतं.
टोरांटोत तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात चाळीस.
त्या म्हणे तिथं ताटावर बसल्या असतील, मनगट पाहतील,
आणि त्यांना कळेल
की शेजारच्या सुमनने आपला हंडा लावला.

गेल्याला आता तीन आठवडे झाले.
दुकानात चौदा घड्याळं, चौदा वेळा,
त्यातली दोनच बरोबर.
आज नळ बारा मिनिटं उशिरा आला.
हे तिकडे कोण कळवणार.