तीन, दोन, तीन

"तीन, दोन, तीन," डॉक्टर स्कारपिन सांगतात
आणि मी लिहीत जाते.
एका दाताचे सहा आकडे,
तीन गालाकडून, तीन जिभेकडून.
आज खुर्चीत माझे वडील आहेत,
तोंड उघडं, डोळे छताच्या पंख्याला टांगलेले.

एवारिस्तो पेरालता. चाळीस वर्षं पाराना नदीवर,
गाळ उपसणाऱ्या बोटीवर.
शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडायचे,
दोरीवरच्या गाठी बोटांनी चाचपून
तळ कुठे लागला ते ओरडून सांगायचे.
शाळेच्या सुट्टीत मी वहीत लिहायची:
नऊ, नऊ, आठ, साडेसात.
आठाच्या खाली आलं की बाबांचा येर्बाचा घोट
नळीतच थांबायचा.

"चार," डॉक्टर म्हणतात. "चार. सहा."
माझं पेन सहावर अडकतं.
खाली उजवीकडे, शेवटून दुसरी दाढ.
आकड्याशेजारी लाल ठिपका, म्हणजे रक्त.

बाबा हात वर करतात, थांबा.
"सहा म्हणजे चांगलंच की!
पाणी खोल, जहाज निघेल."
डॉक्टर मास्कच्या वरून, नुसत्या डोळ्यांनी हसतात.
"सेन्योर पेरालता, इथे उलटं असतं.
इथे खोल म्हणजे काठ सुटला."

काठ सुटला.
हे मात्र त्यांना कळलं.
असे काठ त्यांनी पाहिलेत,
वाळुंजांच्या मुळांसकट एका रात्रीत खाली बसलेले,
आदल्या संध्याकाळपर्यंत वर गवत हिरवंगार.

दुखलं का कधी? नाही.
रक्त यायचं तेव्हा काय केलंत?
तिकडे ब्रश नेणंच सोडलं,
उधारी थकलेल्याने वाण्याची गल्ली टाळावी तसं.
आणि मी, त्यांची मुलगी,
रोज आठ तास इथे बसून
दाताच्या कण्या करून दुनियेला सांगणारी,
मी त्यांच्या बेसिनवरचा ब्रश कधी पाहिला नव्हता.
त्या रात्री पाहिला.
केस चारी दिशांना, अंगणातल्या खराट्यासारखे.

कीटण काढायला दोन खेपा लागल्या.
मशीनची घरघर ऐकून बाबा म्हणाले,
आमचा ड्रेजर बरा, निदान जेवायला थांबायचा.
मग डॉक्टरांनी आरसा हातात दिला.
ब्रश तिरका धरा, केस हिरडीच्या काठाशी.
घासू नका, हलकं थरथरवा.
फटींतून हा दोरा, दाताला मिठी मारून खाली, मग वर.
रक्त आलं तर घाबरून सोडू नका,
पंधरा दिवसांत थांबलं नाही तर इथे या.
आणि सिगारेट.
सिगारेटवर बाबांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

रात्री दहाला मी फोन करायची.
तोंडात फेस, म्हणून नुसता हुंकार.
एकदा चूळ भरून म्हणाले,
"काल उपसलं, आज पुन्हा तेच."
"नदीला कधी असं म्हणालात का?"
पलीकडून बराच वेळ नळाचं पाणी.

तीन महिन्यांनी तीच खुर्ची.
तीन. तीन. दोन.
जिथे पाच होते तिथे तीन.
त्या दाढेपाशी डॉक्टर थांबल्या.
मी पेन कागदाला टेकवून बसले.
"पाच."

सहाचे पाच. एवढंच.
गेलेलं हाड सहजी परत येत नाही, त्या म्हणाल्या,
पण उरलेला काठ धरून ठेवता येईल.
तुम्ही रोज, आम्ही दर तीन महिन्यांनी.

बाबांनी पुढची तारीख स्वतःच मागितली,
लिहून घ्यायला खिशातून वही काढली.
ती जुनी नव्हे, नवी, तेलाचे डाग नसलेली.
दर रात्रीची एक रेघ.
नव्वदांत अकरा जागा कोऱ्या.

"या का कोऱ्या?" मी विचारलं.

"धुकं होतं," बाबा म्हणाले.